मिठात ठेवलेलं विमान

हसा, हसा! पोटभर हसून घ्या! गाडीचा अजून पत्ता नाय, तोवर तुमची तरी करमणूक व्हायला पायजे ना! वरून विमान गेलं आन पन्नाशीच्या मानसाचा हात वर गेला, एवढंच ना झालं? लहान पोराने केला असता तर ‘अगं बाई, किती गोड’, आन मी केला तर येडा! तो बघा, खिडकीतला कंट्रोलर पन हसतोय. अरे बाबा, आधी तळोज्याची गाडी सोड, मंग हस! आन या बाई, पदर तोंडाला लावला म्हणजे मला कळत नाय असं वाटतं यांना... पनवेलच्या स्टँडवर गेली चार वर्षं हेच चाललंय. वर विमान, खाली माझा हात, आन तुमचे दात!

तुमाला सांगतो, माझ्याकडे विमान व्हतं.

हं! आता कसे गप झालात?

माझ्याकडे म्हणजे माझ्या मालकीचं नाय हो. मी कमळाकर, रोडपालीचा, आज्यापंज्यापासून आमचं काम मिठागराचं, आमच्याकडे कुठलं विमान! सांभाळायला दिलेलं व्हतं. आन तुफान आलं त्यात आमी ते असं सांभाळलं, असं सांभाळलं... जाऊ दे. नाय, आता तुमीच हसून विषय काढलाय, तर ऐकाच. त्या दिवशी गावातलं काय काय उडालं म्हणून सांगू? घरांची छपरं उडाली, खळ्यावरचा पेंढा उडाला, दादूचं खुराडं कोंबड्यांसकट उडालं, आन ज्याचं कामच उडायचं, तेवढंच उडालं नाय!

स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं व्हतं. दिवाळी झाली व्हती, भात कापून खळ्यावर आलं व्हतं, मिठागराचं काम अजून लागायचं व्हतं, म्हणजे आमच्या लोकांचे वर्षातले तेवढेच चार निवांत दिवस. मी आन बा बांधावर बसलो व्हतो. बा म्हणजे माझा बाप, बुधाजी. साठ वर्षं मीठ तुडवलं त्याने. आन मीठ तुडवनाऱ्याचं काय व्हतं, तुमाला ठाव हाय का? तुमी ताटात वाढलेलं चिमूटभर बघता. भर दुपारचे त्या पांढऱ्या राशीपुढे उभे राहून बघा एकदा, वरून ऊन आन खालून पन ऊन! बाचे डोळे त्यातच गेले. उजेड आन अंधार तेवढा कळायचा, बाकी सगळं कानाने आन नाकाने. पन कान असे, का खाडीतून होडी चालली तर वल्ह्याच्या आवाजावरून वल्हवनाऱ्याचं नाव सांगायचा.

तर बाने एकदम मान वर केली आन बोलला, “कमळ्या, वर कोन खोकतंय रं?”

मी बघतो तर विमान! लहानसं, दुहेरी पंखांचं, आन भक भक करत खाली येतंय. “याला दमा हाय,” बा बोलतो, “हे काय मुंबैला पोचत नाय.” आन नाय पोचलं! आमच्या डोक्यावरून गेलं, आन मिठागराच्या पल्याड आमचं सुकं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, एकदम सपाट, तिथं धडधडत जाऊन उतरलं. एक बांध फुटला नाय का एक बगळा मेला नाय. मी धावलो. आतून उतरला तिशीच्या आतला एक पोरगा, डोक्याला कातड्याची टोपी, डोळ्यांवर काचा. दिनानाथ त्याचं नाव, गिरगावचा. लढाई संपल्यावर सरकारने जुनी लहान विमानं विकायला काढली, त्यातलं एक याने घेतलं. कोन घोडा घेतो, कोन बाजाची पेटी घेतो, याने विमान घेतलं! दोन मानसं मावतील एवढंच, एकापाठी एक. इंजिनातला कसलातरी भाग मोडला व्हता, तो मुंबईवरून आणल्याशिवाय ते हलनार नव्हतं.

आमच्याकडे जेवला तो. रंभाने, म्हणजे माझ्या बायकोने, तांदळाच्या भाकऱ्या आन सुकटीचं कालवण केलं. तीन भाकऱ्या खाल्ल्या, पानी प्याला, आन मंग तोंड बारीक करून बोलला, “काका, आठ दिवसांत भाग घेऊन येतो. पण इथे असं उघड्यावर... माझ्याकडे याच्याशिवाय दुसरं काही नाही हो. याच्यापायी वडिलांनी घराबाहेर काढलंय मला.”

बाने चाचपडत त्याचा हात धरला. बोलला, “जा तू बिनघोर. आमचं मीठ जेवलास, आता तू आमचा. उडत आलास, उडतच जाशील. ह्यो बुधाजीचा शब्द हाय.”

आता मला सांगा, काय गरज व्हती? ‘सांभाळू’ बोलायचं, ‘बघू’ बोलायचं, ‘देवाची मर्जी’ बोलायचं, शब्द कसला देतोस? डोळ्याला दिसत नाय, विमान लांब असतं का गोल असतं ते ठाव नाय, आन शब्द देऊन मोकळा! पन बाचा शब्द म्हणजे तुमाला काय कल्पना! दोन गावांचं बांधावरून भांडण लागलेलं, कोयते निघालेले, तेवा बा मधे उभा राहून ‘पानी दोघांना मिळंल’ एवढंच बोलला आन लोक कोयते घेऊन घरी गेले, असा तो शब्द. साठ वर्षांत एकदा मोडलेला नाय. आन त्या पोराने काय करावं? डोक्यावरची टोपी काढली आन बाच्या डोक्यावर घातली! “काका, मी येईपर्यंत तुम्हीच याचे मालक.” झालं! त्या दिवसापासून बा जेवायला बसला तरी टोपी, निजला तरी टोपी, देवाला हात जोडायचे तरी टोपी.

पाचव्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो तर सगळी खेकडी चिखल सोडून वर चढलेली, एक-दोन नाय, शेकड्याने! घरी येतो तर बा दारात उभा राहून वारा हुंगतोय. “वाऱ्याला कुजका वास येतोय,” बोलला. तेवढ्यात दादू धावत आला. दादू आमचा शेजारी, त्याची होडी व्हती, पनवेल बंदरात माल टाकायचा. लांबूनच ओरडतोय, “बावटा लागला! बंदरावर बावटा लागला! मोठं तुफान येतंय, होड्या बुडवा रे, होड्या बुडवा!”

होड्या बुडवा, हे तुमाला कळलं नाय ना? तुफान येणार असलं का आमी होडी वाचवायला ती बुडवतो. हसू नका! चिखल भरतो, दगड भरतो आन काठाला उथळ पान्यात बसवतो, म्हणजे वाऱ्याला धरायला काय मिळतच नाय. तुफान गेलं का उपसून काढतो. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय, आन अशी बुडवलेली होडी आजवर एक गेली नाय. तर बाने दादूचं सगळं ऐकून घेतलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आन बोलला, “तुझी होडी बुडव आन लगेच हिकडं ये. आपल्याला विमान बुडवायचंय.”

दादू माझ्याकडे बघतो, मी दादूकडे बघतो. दादू बोलला, “सुक्यात?”

“सुक्यात! वजन भरायचं, दुसरं काय! दहा मानसं घेऊन ये.”

निघाली वरात! डोळ्याने दिसत नाय पन बा पुढे आन आमी सगळे पाठी. विमानाला हात लावला, पुढून पाठून चाचपलं, शेपूट कुठं, नाक कुठं, पंख केवढे. मंग हुकूम सुटले. “नाक वाऱ्याकडे करा, होडीचं लाटेकडे करतो तसं. चाकांखाली गुडघाभर खड्डे खना, त्यात चाकं बसवा. चारी बाजूंना मेखा ठोका, पंखांना दोर घाला.” आन तुमाला सांगतो, हे सगळं बरोबर व्हतं! दिनानाथ नंतर स्वतः बोलला, शिकलेली मानसं पन असंच करतात. एका अडान्याला आंधळेपनी कळलं ते. तिथंच थांबला असता ना बा... पन नाय.

दोर कुठले आनायचे? काथ्याचे चांगले जाड दोर गावात कोनाकडे, तर आमच्याकडे, आन ते कशाला, तर घराचं छप्पर बांधायला. मी सोडायला गेलो तर रंभा दारात आडवी. “अवो, डोकं ठिकानावर हाय का? तुफान येतंय आन घराचे दोर सोडता? छप्पर कशानं बांधू, माझ्या आंबाड्यानं?” मी बोललो, बाला विचार. ती बाकडे गेली. बा बोलला, “पोरी, छप्पर आपलं हाय, विमान लोकाचं हाय. आपलं गेलं तर आपन रडू. लोकाचं गेलं तर तोंड कुठं दाखवू?”  रंभा दारातून बाजूला झाली आन दोर दिले.

बरं, दोर वर टाकायला दादू चढला. होडीवर चढतात तसा चढला, धाडकन पाय टाकला आन फर्र! पाय पंखातून खाली! दादू लोंबकळतोय आन ओरडतोय, “कापडाचं हाय! आईशप्पथ, कापडाचं हाय!” आमी सगळे हात लावून बघतोय... खरंच कापडाचं! आत लाकडाच्या पट्ट्या आन वरून कापड! म्हणजे तो पोरगा एवढ्या लांबून कापडावर बसून आला? आन रंभा, जी दोरासाठी भांडत व्हती, ती तिथं बदलली. “आई गं, एवढंसं कापड, कसं टिकंल बिचारं,” बोलली, घरात गेली, दाभन घेऊन आली आन तिच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. लग्नातलं लुगडं व्हतं ते. वारा सुटलेला, पदर कमरेला खोचला आन विमानाला ठिगळ लावलं तिने, असं घट्ट, का आसपासचं कापड फाटेल पन ठिगळ निघनार नाय.

आता राहिलं वजन. दगड भरावे तर आमच्या खाजणात दगड शोधून मिळायचा नाय. चिखलाच्या दोन गोणी भरल्या, बाने हात लावून बघितला. “नको. ओला चिखल पोराचं विमान नासवंल, आतून कुजंल.” मंग काय घालायचं? गेल्या सालच्या मिठाची रास वर गवत शाकारून ठेवलेली व्हती. बा बोलला, “मीठ भरा.” आन मला विचारतो, “कमळ्या, मासा कशात टिकतो? मिठात. कैरी कशात टिकते? मिठात. मिठात ठेवलेली वस्तू नासलेली बघितलीस कवा?”

मिठागरावर जन्मलेल्या मानसाने याला काय उत्तर द्यायचं, तुमीच सांगा! मला पटलं! दादूला पटलं! जमलेल्या सगळ्या गावाला पटलं, आमच्या गावात एवढं एकमत कवा झालेलं नाय! चौदा गोणी मीठ भरलं. शेपटीत, पाय ठेवायच्या जागेत, मागच्या बैठकीत, कोंबून कोंबून. मिठाने आमचं आजवर काय वाईट केलं नव्हतं, एक बाचे डोळे सोडले तर.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुफान आलं. आता त्याचं वर्णन काय करू... तुमी मला बोलताना ऐकताय ना, तसा मानूस कानात ओरडला तरी ऐकू येत नव्हतं. बायापोरं सगळी दगडी देवळात नेऊन बसवली. आन आमी कुठं? मी आन दादू खाजणात पालथे पडलेले, पोटाखाली चिखल, हातात दोर! विमान थरथरतंय, मेखा हलतायत, आन बा शेजारी बसून एक हात विमानाला लावून बोलतोय, “वजन कमी पडतंय. पुढची बैठक मोकळी हाय. मला आत बसव.”

“बा, येडा झालास काय?”

“मी दोन मन वजनाचा हाय अजून. बसव बोलतो ना!”

बसवला! काय करनार? सत्तर वर्षांचा बाप, डोक्यावर कातड्याची टोपी, पुढच्या बैठकीत ताठ बसलेला, आन पाठी चौदा गोणी मीठ. त्याच वेळी आमच्या डोक्यावरून काहीतरी मोठं फडफडत गेलं. बाने आतून विचारलं, “कमळ्या, काय गेलं रं?”

“काय नाय, बा.”

“आपलं छप्पर ना?”

“हो.”

“रंभा कुठं हाय?”

“देवळात हाय, बा.”

“मंग दोर धर.”

एवढंच. स्वतःचं घर डोक्यावरून गेलं आन मानूस बोलतो, दोर धर. मंग एक असा झोत आला का दोर माझ्या तळहाताचं सालपट काढून सरकला, ही खूण बघा, अजून हाय, आन मला वाटलं संपलं, विमान गेलं, बाप पन गेला. आन आतून बाचा आवाज आला. मी समजलो ओरडतोय. हसत व्हता! एवढ्या तुफानात, लहान पोर झोपाळ्यावर हसतं तसा हसत व्हता! पुढे मरेपर्यंत सांगायचा, “चार बोटं उचललं व्हतं. मी उडालो.” दादू बोलायचा, “नाय उचललं काका, मी डोळ्याने बघत व्हतो.” बा बोलायचा, “तू बघत व्हतास. मी बसलो व्हतो.”

दुपारनंतर वारा पडला. आमी उठून बघतो तर गाव ओळखू येईना. माझं घर म्हणजे चार खांब. पेंढा नाय, खुराडं नाय, अर्ध्या मिठागराचे बांध खाडीने नेले. आजूबाजूच्या गावांतली काही मानसं पन खाडीत गेली, ती परत आली नाय. त्याच्यावर मी काय बोलत नाय, स्टँडवर उभं राहून बोलायची ती गोष्ट नाय. आन त्या सगळ्याच्या मधे, हिरवं ठिगळ लावून, चारी दोरांत ताठ, विमान उभं! ज्याचं कामच उडायचं, तेवढंच उडालं नाय! बा खाली उतरला, विमानावर हात फिरवला, आन बोलला, “पोराला तोंड दाखवायला जागा राहिली.” त्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं तरी तो सुखाने झोपला.

आता गोणी काढाव्या का नाय? मी बोललो, काढू. बा बोलला, “खबरदार! ज्याने ठेवलं त्यानेच उघडावं. मिठात हाय, काय व्हतंय त्याला?” आन दिनानाथचा पत्ता नाय! आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. बा रोज विचारायचा, “आला का?” आन रोज जाऊन विमानाला हात लावून यायचा. दोन महिन्यांनी आला तो पोरगा, काठी टेकत. तुफानात गिरगावात भिंत पडून पाय मोडला व्हता त्याचा. इंजिनाचा भाग फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेला. विमान उभं बघितलं आन काठी टाकून लंगडत धावला, विमानाला मिठी मारली! मला बोलला, “कमळाकर, मुंबईत बांधलेली विमानं उलटी पडली रे! हे कसं वाचलं?”

मी छाती काढून बोललो, “मीठ!”

“मीठ?”

“चौदा गोणी!”

त्याने एक गोणी ओढली. पावसात भिजलेलं मीठ, दोन महिने त्याचं पानी आत झिरपलेलं. त्याने आत हात घातला आन एक तार धरली, तर ती जुन्या सुतळीसारखी तुटून हातात आली. दुसरी धरली, ती पन. मंग आतला लोखंडी दांडा नखाने खरवडला, तर लाल पापुद्रे, एकावर एक. दिनानाथ तिथंच चिखलात बसला. हळूच बोलला, “पंखांत लाकूड आहे, पण धडाचा सांगाडा लोखंडाचा आहे रे. मिठाने खाल्लाय तो. आता हे उडणार नाही. कधीच नाही.”

आन नेमका तेवा, बांधावरून काठी टेकत, डोक्यावर टोपी, बा आला. लांबूनच विचारतोय, “पोरा, आलास? कसं हाय तुझं विमान? उडंल ना?”

तुमाला सांगतो, आयुष्यात मी एवढा कवा घाबरलो नाय, तुफानात पन नाय. तो पोरगा सगळं गमावून बसलेला. घर नाय, बाप नाय, व्हतं ते एक विमान, ते पन मिठाने खाल्लं. तो काय बोलला असता तरी त्याची चूक नव्हती. तो उठला, बाजवळ गेला, हातावरचा गंज सदऱ्याला पुसला आन बाचा हात हातात घेतला. बोलला, “जसं ठेवून गेलो होतो तसंच आहे, काका. उद्या उडतो.”

मला रडू आलं. आलं तर आलं, सांगायला लाज कसली!

रातोरात सगळ्या गावाला कळलं, आन दुसऱ्या दिवशी सगळा गाव खोटं बोलायला खाजणात हजर! सकाळी दिनानाथने तो भाग बसवला, इंजिन तेवढं शाबूत व्हतं. मला पुढचा पंखा फिरवायला लावला, दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा धडधड सुरू! बा टाळ्या वाजवतोय! विमान खाजणातून धावलं, धावत धावत गेलं तिवरांच्या झाडीच्या पल्याड, बांधाच्या आड, आन तिथं जाऊन त्या पोराने काय केलं ठाव हाय? इंजिन एकदम बंद नाय केलं. हळू हळू, हळू हळू आवाज कमी करत नेला, लांब लांब गेल्यासारखा. बा हात वर करून उभा. आवाज संपला तरी हात वर. दादू आभाळाकडे बोट दाखवून ओरडतोय, “ते बघा काका, डोंगरावरून वळलं!” काय तरी नाटक! आन रंभा डोळ्याला पदर लावून, “गेलं हो मामा, उडत गेलं.” बाने हात खाली घेतला. बोलला, “शब्द पुरा झाला.”

तीन दिवसांनी ते विमान सुटं करून तीन बैलगाड्यांवर घातलं, वर पेंढा टाकला. पनवेलला न्यायचा रस्ता आमच्या दारावरूनच, दुसरा रस्ता नाय! बा दारात बसलेला. “कसल्या गाड्या रं?”

“मिठाच्या, बा.”

“हं,” बोलला. एवढंच. मधल्या गाडीवर पेंढ्याखालून हिरवं ठिगळ दिसत व्हतं. रंभा आत जाऊन चुलीपुढे बसली.

आन मंग सुरू झालं ते! वरून कुठलं पन विमान जाऊ दे, बा अंगणात येऊन हात वर करायचा. “दिनानाथ चालला! रंभा, चा ठेव गं, उतरला तर!” आन ती ठेवायची! काय करनार, नाय ठेवला तर खोटं बाहेर पडेल ना! अकरा वर्षं! आधी दिवसाला एखादं विमान जायचं, मंग चार झाली, मंग सहा झाली, चा किती प्यायचा मानसाने? दिनानाथ खरा यायचा तो वर्षातून एकदा, याच स्टँडवर, एसटीने, बाच्या पायाशी बसायला. छापखान्यात नोकरीला लागला व्हता तो, परत विमानात बसला नाय. बा विचारायचा, “आज विमान नाय आनलंस?” तो बोलायचा, “पेट्रोल महाग झालंय, काका.” आन दोघं चा प्यायचे.

चार वर्षांपूर्वी बा गेला. शेवटच्या दिवशी अंथरुणाशी मी एकटाच. वरून विमान गेलं. बाचा हात हलला नाय. मला वाटलं ऐकू आलं नाय, म्हणून मी बोललो, “बा, दिनानाथ चालला वरून.”

बा बोलला, “राहू दे रं आता.”

मी त्याची गोधडी सारखी केली. मंग बा बोलतो, “कमळ्या, मिठाची गाडी जाते तेवा तिच्या चाकाचा आस कन्हतो. साठ वर्षं ऐकलाय मी. त्या तीन गाड्या हलक्या व्हत्या.”

मी बोललो, “म्हणजे तुला... त्याच दिवशी कळलं?”

“त्याच दिवशी.”

“मंग अकरा वर्षं हात कशाला वर करत व्हतास, बा?”

बा बोलला, “पोराने येवढा जीव तोडून फसवलं मला. त्याचं विमान मी घालवलं रं. निदान फसायचं काम तरी नीट करायला नको?”

...

हं. आता कोन हसत नाय? हसा की! अहो, हसण्यासारखंच हाय! अकरा वर्षं आमी त्याला फसवतोय, तो आमाला फसवतोय, आन मधल्या मधे चुलीवर चा उतू जातोय! सरणावर ठेवला तेवा टोपी डोक्यावर व्हती. दिनानाथनेच घातली, सारखी केली, आन एसटीने परत गेला. आता बा नाय, विमान नाय, फसवायचं पन कोन उरलं नाय... तरी वरून आवाज आला का माझा हात जातो. मी नाय करत, तोच जातो. घरी गेलो का दर वेळी रंभाला सांगतो, बये, बस कर आता, कोनासाठी ठेवतेस? ती बोलते, “उतरला तर?”

म्हणजे आता हे वरून गेलं ते तिने पन ऐकलं असनार. चा ठेवला असनार. तिकडे उकळून उकळून त्याचा काढा व्हतोय, आन मी हितं उभा, तुमाला तोंड देत... ओ कंट्रोलर! हसू नका, बोला काहीतरी! सकाळपासून सगळ्या गावांच्या गाड्या आल्या, गेल्या, आन जिचं कामच यायचं, तेवढीच येत नाय!